घरी येण्याचं इंग्रजी

सौंसरात लग्नपत्रिका इंग्रजीत छापायची हिंमत सहसा कोणी करत नाही, आणि केलीच तर ती सोमकुवर मॅडमच्या हाती पडणार नाही याची काळजी घेतो. कारण मॅडम पत्रिका वाचत नाहीत, तपासतात. आहेराच्या पाकिटात त्यांची तपासलेली पत्रिका परत येते, चुकांभोवती लाल गोल आणि समासात शुद्ध रूप. लोक हसतात, चिडतातही. पण ज्यांना मॅडमनी शाळेत शिकवलं ते गुपचूप ती पत्रिका जपून ठेवतात आणि धाकट्याच्या लग्नात तशीच्या तशी छापून घेतात.

प्रमिला सोमकुवर यांनी चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. आता वय सदुसष्ट. नवरा हिरामण वीज मंडळात लाइनमन होता, तो जाऊन आठ वर्षं झाली. विहाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, पुढे छोटा व्हरांडा, गच्चीवर एक खोली. एकुलती मुलगी रश्मी अकरा वर्षांपासून आयर्लंडमध्ये नर्स. दर रविवारी तिचा फोन येई. तब्येत, औषधं, तिकडची थंडी, इकडचं ऊन, सात मिनिटांत सगळं उरकायचं. फोन ठेवला की प्रमिलाबाई उरलेला रविवार ढकलत बसायच्या. रविवार काही केल्या सरत नसे.

मायलेकी फोनवर इंग्रजीत बोलत. हे ऐकून शेजारपाजारचे तोंडात बोटं घालत, पण त्या घरचा तो जुना नियम होता. रश्मी सहावीत गेली तेव्हा प्रमिलाबाईंनी जाहीर केलं, बापाशी काय बोलायचं ते बोल, माझ्याशी मात्र फक्त इंग्रजीत. पोरगी हुशार. वर्षभरात फाडफाड बोलायला लागली. फक्त एक झालं. रडायचं असलं, रुसायचं असलं, कोणी मारलं-चिडवलं असलं की ती बापाकडे जाई. आईकडे येताना तिला आधी मनातल्या मनात वाक्य जुळवावं लागे आणि तोवर रडू आटून जाई.

पुढे ती नागपूरला नर्सिंग कॉलेजात गेली. वसतिगृहातून चिठ्ठ्या यायच्या, अर्थातच इंग्रजीत. प्रमिलाबाई त्या तपासायच्या, खाली दहापैकी गुण द्यायच्या आणि आपल्या पत्रासोबत परत पाठवायच्या. हिरामण एकदा म्हणाला होता, "प्रमिला, पोरीची चिठ्ठी हाये ते. पेपर नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "मग काय, चुका तशाच ठिवू?" दुसऱ्या वर्षी चिठ्ठ्या बंद झाल्या, बापाच्या मोबाइलवर फोन यायला लागले.

आता कोणी म्हणेल, बाई दगडाच्या काळजाची. तसं मुळीच नव्हतं. प्रमिलाबाईंचा बाप दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगिच्यात राबला. त्या छिंदवाड्याला कॉलेजात गेल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक वाक्य चुकलं आणि अख्खा वर्ग हसला. ते हसू त्यांच्या कानांतून आजवर गेलेलं नाही. आपल्या पोरीवर कोणी हसू नये, एवढ्याचसाठी ती लाल शाई होती. दुसरी कोणती माया त्यांना येत नव्हती, आणि ही येते याचा त्यांना फार अभिमान होता.

निवृत्तीनंतर त्या घरीच शिकवणी घ्यायला लागल्या. व्हरांड्यात चार-पाच जणी येत. सगळ्या नर्सा, सगळ्यांना परदेशी जायची परीक्षा द्यायची. त्यांच्यात मोहगावची प्रणाली सगळ्यांत बोलकी. पस्तिशीची, दोन लेकरांची आई, दवाखान्यातली ड्यूटी आटोपून स्कूटीवर यायची. त्या आठवड्यात मॅडमनी 'होम' हा शब्द घेतला होता. फळ्यावर डझनभर वाक्प्रचार लिहिले. पाहुण्याला 'मेक युअरसेल्फ ॲट होम' म्हणतात, म्हणजे अवघडू नका, आपलंच घर समजा. 'टिल द काउज कम होम' म्हणजे अंत नसलेला वेळ. 'होम ट्रूथ' म्हणजे आपल्या माणसाने तोंडावर सांगितलेलं कडू सत्य. 'नथिंग टु राइट होम अबाउट' म्हणजे घरी कळवण्याजोगं त्यात काही नाही, यथातथाच.

"मॅडम, गोरे लोक घरी कमी राहतात अन् घराबद्दल बोलतात जास्ती," प्रणाली म्हणाली. सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या आणि गृहपाठ दिला. समजा तुम्ही परदेशी आहात, घरी पत्र लिहा, यातले पाच वाक्प्रचार आलेच पाहिजेत.

बाया गेल्या, मॅडमनी फळा पुसला, कुकर लावला आणि फोन वाजला. रश्मीचा मेसेज होता. मंगळवारी कधी तिचा मेसेज येत नसे. उघडला तर हा एवढा लांब, बोटाने तीनदा वर सरकवावा लागला. इतक्या ओळी तिने वसतिगृहानंतर आईला लिहिल्या नव्हत्या. प्रमिलाबाईंनी चष्मा लावला आणि त्या उभ्याउभ्याच वाचायला लागल्या.

रश्मीने लिहिलं होतं की ती आणि नवरा तुषार उन्हाळ्यापासून वेगळे राहतात. आता घटस्फोटाची कागदपत्रंही झाली. तिथल्या नोकरीचा राजीनामा दिला आहे. नागपूरच्या एका दवाखान्यात एक तारखेपासून रुजू व्हायचं आहे. सौंसरहून नागपूरला रेल्वेने रोज जाणं-येणं जमेल असं वाटतं. आणि शेवटी प्रश्न होता, मी घरी राहायला आले तर चालेल का?

प्रमिलाबाईंना आधी धस्स झालं. तुषारबद्दल वाईट वाटलं, थोडा रागही आला. मग शेवटच्या ओळीपाशी त्यांचा ऊर असा भरून आला की कुकरची शिटी झाली तेही कळलं नाही. पोरगी घरी येतो म्हणते. विचारते काय वेडी! त्या खुर्चीत बसल्या, डोळे पुसले, आणि मेसेज पुन्हा वर नेला. आणि मग चौतीस वर्षांचा हात आपोआप चालायला लागला. घाईत लिहिलेला मजकूर, चुका होत्याच. एकूण सात निघाल्या. बाईंनी एक ते सात आकडे टाकून शुद्ध वाक्यं लिहिली. खाली आठवा आकडा टाकला आणि लिहिलं, 'ऑफ कोर्स यू मे कम होम.' अर्थात, तू घरी येऊ शकतेस. त्याखाली शेरा दिला, बाकी मजकूर चांगला. पाठवून दिलं.

मेसेजखालच्या दोन खुणा निळ्या झाल्या, म्हणजे तिने वाचला. उत्तर आलं नाही.

बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी हो म्हटलं होतं, विषय संपला होता. दुसऱ्या दिवसापासून त्या कामाला लागल्या. गच्चीवरची खोली रिकामी केली, भिंतींना चुना दिला, नवी गादी भरून आणली. हिरामणचं जुनं कपाट पुसून त्यात कागद अंथरले. विहारातल्या बायांना सांगून टाकलं, रश्मी येते आहे, कायमची. एका भाजीवालीला तर उगाचच सांगितलं, आता दोघींचं घ्यावं लागेल. आठ वर्षांत त्यांना एवढं गुणगुणताना कोणी पाहिलं नव्हतं.

सातव्या दिवशी रश्मीचं उत्तर आलं. चार वाक्यं. तुझ्या मेसेजबद्दल आभारी आहे. दवाखान्याजवळच नागपूरला खोली घेतली आहे. सत्तावीस तारखेच्या संध्याकाळी दिल्लीहून गाडीत बसते आहे. तुझी तब्येत ठीक असेल अशी आशा आहे. प्रत्येक स्वल्पविराम जागेवर, अव्ययं जागेवर, कुठे बोट ठेवायला जागा नाही. प्रमिलाबाईंच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? शाबास! खरंच तेच आलं. अर्ध्या मिनिटाने अर्थ कळला, आणि त्या नव्या गादीवर जाऊन बसल्या.

त्यांनी फोन लावला. रश्मीने उचलला नाही, कामात आहे असं कळवलं. पुन्हा लावला. पुन्हा तेच. काय बिनसलं हे बाईंच्या ध्यानात येईना. आपण तर हो म्हटलं होतं! रागावल्याही. एवढी खोली तयार केली, गावभर सांगितलं, आता लोकांना काय तोंड दाखवू? पण तो राग फार टिकला नाही. खाली येऊन एकाच माणसाचा भात टाकताना हात थांबला आणि त्यांना रडू आलं.

त्या संध्याकाळी शिकवणीत गृहपाठ तपासायचा होता. प्रणालीचं पत्र सगळ्यांत नीट होतं. हवा छान आहे, माणसं चांगली आहेत, काम यथातथाच, पाचही वाक्प्रचार बरोबर बसवलेले. मॅडमनी दहापैकी नऊ दिले. मग वही परत न देता तशीच धरून त्यांनी विचारलं, "प्रणाली, तू खरंच तिकडे गेली अन् घरी लिहायची वेळ आली, तर असंच लिहिशील?"

"नाही वं बाई!" प्रणाली हसली. तिने जीभ चावली, मॅडमना बाई म्हटलं म्हणून. "हे तं तुमच्यासाठी हाये मॅडम. घरी मी आपल्या बोलीत लिवीन. करमत नसलं तं करमत नाही म्हणून लिवीन, रडली तं रडली म्हणून लिवीन. ते तुम्हाले थोडीच दाखवीन?"

"का बरं?"

"तुम्ही चुका काढान न! मी तिकडं रडून राहिली अन् तुम्ही इकडं लाल गोल करून राहिल्या. मंग मी कायले लिवीन?"

सगळ्या खो-खो हसल्या. मॅडमही हसल्या, हसावंच लागलं. बाया गेल्यावर त्यांनी फोन घेतला आणि आपणच पाठवलेला मेसेज पाहिला. एक, दोन, तीन, चार. पोरीचा संसार मोडला होता आणि आपण तिला पहिल्या ओळीतलं क्रियापद दुरुस्त करून पाठवलं होतं. आठव्या आकड्यावर हो म्हटलं होतं. त्यांना त्या रात्रीचं जेवण गेलं नाही.

मग त्यांनी लिहायचं ठरवलं. इंग्रजी हाताशी होतं, घरावरचे डझनभर वाक्प्रचार तर नुकतेच फळ्यावर होते. पण पाहुणीला म्हणायचं ते पोटच्या पोरीला कसं म्हणायचं? एक वाक्य जुळवलं, पुसलं. दुसरं जुळवलं, फार औपचारिक वाटलं, पुसलं. मराठीत लिहावं तर पोरीला आजवर मराठीत एक ओळ लिहिली नव्हती, सुरुवात कशी करायची तेही सुचेना. अख्ख्या तालुक्याला पत्रलेखन शिकवलेल्या बाईला चार ओळी लिहिता येईनात. कोणी ऐकलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

शेवटी त्यांना आठवलं की दिल्लीची गाडी पांढुर्ण्याला थांबते. दोनच मिनिटं, पण थांबते. त्यांनी रश्मीला विचारलं, डबा द्यायचा आहे, कोणता कोच? बऱ्याच वेळाने उत्तर आलं, बी-चार. मनात म्हणाल्या, डब्याचं निमित्त बरं आहे. पोरीला पांढुर्ण्यालाच उतरवून घ्यायचं, सामानासकट. तिथून सौंसर कितीसं लांब? दोन मिनिटं पुरतील, नीट बोलता आलं तर.

अठ्ठावीस तारखेला त्या पहाटेच उठल्या. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. सकाळच्या बसने पांढुर्ण्याला निघाल्या. नवं जिल्ह्याचं गाव, जिकडेतिकडे पाट्या नव्या रंगवलेल्या. एका पाटीवर ठळक चूक होती. आयुष्यात पहिल्यांदा बाईंनी चूक पाहून तोंड फिरवलं. बसभर त्या ओठांतल्या ओठांत वाक्य घोटत होत्या. इंग्रजीतलं. कॉलेजातल्या त्या पहिल्या आठवड्यानंतर घोटायच्या तसं, पुन्हा पुन्हा.

गाडी पाऊण तास उशिरा होती. फलाटावर संत्र्यांचे क्रेट रचलेले, त्याच्या बाजूला बाकावर बाई डबा मांडीवर घेऊन बसल्या. गाडी आली तेव्हा बी-चार त्यांच्या पुढे निघून गेला, त्या डबा सांभाळत धावल्या. दारात रश्मी उभी होती. वाळली होती. केस कानापर्यंत कापलेले आणि कानामागे पांढरे. शेवटची आली त्याला चार वर्षं झाली होती; चार वर्षांत एवढी?

"हॅलो मम्मी," ती इंग्रजीत म्हणाली. "एवढ्या लांब यायची गरज नव्हती."

बाईंनी घोटलेलं वाक्य होतं, चांगलं होतं, व्याकरणशुद्ध होतं. पोरीचे ते पांढरे केस पाहून ते कुठल्या कुठे गेलं.

"उतर," त्या म्हणाल्या. "उतर वं रश्मी. घरी चाल."

रश्मी पाहतच राहिली. हा आवाज आईचा होता, बोली बापाची होती. मागून एक प्रवासी बाटली भरायला उतरला, तिने त्याला वाट करून दिली.

"सामान हाये मम्मी. चार बॅगा." आता तीही त्याच बोलीत आली. "अन् खोली घेतली मी."

"राहू दे खोली. गच्चीवरची खोली करून ठेवली तुझ्यासाठी. चुना देला. गादी देली भरून."

"मी विचारलं होतं तेव्हा का नाही बोलली?"

"बोलली न! हो म्हणलं होतं मी तुले. लिहिलं होतं."

"आठव्या नंबरवर." रश्मीचा आवाज चढला नाही, तेच वाईट. "मी दोन दिवस लिहीत होती ते, मम्मी. कामावरून येऊन लिहीत होती. पाठवलं अन् फोन हातात धरून बसली. अन् तुझं आलं, एक, दोन, तीन. तू माह्यं लिहिलेलं आजपर्यंत कधी वाचलंच नाही. तपासलं फक्त."

बाईंनी तोंड उघडलं. म्हणायचं होतं की चुकलं माझं, पण हे वाक्य त्यांच्या तोंडी कधी आलंच नव्हतं, कोणत्याच भाषेत. शिटी झाली. बाटलीवाला प्रवासी धावत चढला. गाडी हलली.

"डबा," रश्मी म्हणाली, आणि हात पुढे केला. बाई गाडीबरोबर चार पावलं चालल्या, डबा तिच्या हातात दिला. बोटाला बोट लागलं. पोरीचा हात गरम होता, तापासारखा.

"रविवारी येशील?" त्यांनी ओरडून विचारलं.

"पाहतो," रश्मी म्हणाली. "पोहोचली की फोन करतो." आणि तिचं दार पुढे जाणाऱ्या डब्यांच्या रांगेत दिसेनासं झालं.

हमाल क्रेट उचलायला आले. बाई पुन्हा बाकावर बसल्या. परतीची बस दीड वाजता होती आणि घरी जायची घाई कोणाला होती? त्या नव्या गादीच्या खोलीला आता काय करायचं, भाजीवालीला काय सांगायचं, हे विचार आले आणि गेले. मग त्यांनी पर्समधून फोन काढला, चष्मा पुसून लावला, आणि रश्मीचा तो लांब मेसेज उघडला. तपासायला नाही, वाचायला.

ते सोपं नव्हतं. बोर्डाचे पेपर तपासून तपासून नजरेला वळण लागलं होतं. दिवसाला चाळीस पेपर उरकायचे तर बरोबर वाक्यावर थांबून चालत नाही, नजर आपसूक पुढच्या चुकीवर उडी मारते. आताही ती पहिल्या चुकीवरून दुसरीवर गेली. बाईंनी तिला मागे ओढलं. पहिलीच्या पोरासारखं एकेका शब्दावर बोट ठेवत त्या पुढे सरकल्या. तुषारशी शेवटचं भांडण कशावरून झालं ते होतं. तीन महिने ती जेवण करून एकटीच टेबलाशी बसे ते होतं. हे सगळं पहिल्यांदा वाचताना कुठे गेलं होतं?

चौथ्या आणि पाचव्या चुकीच्या मध्ये एक छोटी ओळ होती. बाईंनी ती वाचली, बोट तिथेच ठेवून पुन्हा वाचली. रश्मीने लिहिलं होतं, बाबा गेल्यापासून मला घर म्हणून फक्त तूच उरली आहेस, मम्मी.

ओळीत एकही चूक नव्हती. म्हणून ती त्यांना दिसलीच नव्हती.